जोएन्सूतलं कपाट

फळी चौकटीत बसवून झाल्यावर
मी रंग दिला. चूक तिथेच झाली.
जुलै होता, तळ्याकडची सगळी ओल
पाइनच्या पोटात.
वेइक्को, माझा उस्ताद, नुसतं म्हणाला,
"सरस कुठे लावलास?"
कुठेच नाही. खाचेत मोकळी आहे.
"मग तडकणार नाही. उघडी पडेल फक्त."

फेब्रुवारीत राउहाबाईंचा फोन.
बाहेर उणे अठ्ठावीस, घरात भिंतीएवढी चूल धगधगतेय,
आणि निळ्या फळीच्या कडेला
नखाएवढी पट्टी,
रंग न लागलेली, गव्हाळ,
घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसते तशी.

डबा आणि ब्रश घेऊन गेलो.
त्यांनी दारातच अडवलं.
कॉफी घे. राहू दे ते.
बारा हिवाळे या घरात एकटी काढलेत,
थंडीत आक्रसतं कोण कोण
ते आजवर मलाच ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा बोलावलं.
पट्टी कुठेच नव्हती.
तळाचा खण मात्र फुगून बसलेला,
आणि त्या, कपाटाला एक पाय टेकवून,
तो ओढत होत्या,
मला शिव्या घालत,
अगदी मनापासून.