नमुना चौदा

साल माहीत नाही म्हटल्यावर
लोकेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"सालाशिवाय गठ्ठो खंयचो काढू?"
मी बाबांचं वाक्य जसंच्या तसं पुढे केलं:
शिमगो सरलेलो, रापणीक तारली इतकी लागली
की उरली ती माडांच्या मुळांत पुरली,
आणि मी सहा वर्षांचो.

बाबांचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यावर एक,
आधारवर दुसरं, घरात तिसरं.
तिन्हींत सहा मिळवले.
सत्तावन, अठ्ठावन, साठ.
देवगडच्या तहसील कचेरीत, जिन्याखालच्या खोलीतून
लाल फडक्यातले तीन गठ्ठे आले,
खाऱ्या हवेने फुगलेले,
आतून वाळवीने नकाशे काढलेले.
एका नकाशात मला आमची खाडी दिसली.
बाईंना नाही दिसली.

दहा रुपयांचं तिकीट अर्जावर चिकटेना,
बाहेरच्या टपरीवाल्याने भाताचं शीत दिलं.

मग दुपारभर मेलेली माणसं.
ताप. ताप. पटकी. बाळंतरोग. ताप.
पान धरून एकदाच, जनावर लागून.
एक मुलगी, नावाच्या रकान्यात आडवी रेघ,
वय तीन दिवस.
पोलीस पाटलाचं अक्षर अर्धं बाळबोध, अर्धं मोडी,
प्रत्येक मरणाला तोच टाक, तीच शाई,
फक्त एका ओळीवर पाणी सांडलेलं.
आमची ओळ त्याखालची.

सुक्या भिक्या तारी. पुरुष. वय अदमासे पन्नास.
कारण: दम.

सुकाजी नाही. भिकाजी नाही.
वकिलांनी आधीच सांगितलेलं, असं निघालं तर
प्रतिज्ञापत्र करू,
की सुक्या आणि सुकाजी हे दोन्ही एकच इसम.
मी मनात सही करून टाकली.
आजोबांना कुणी सुकाजी म्हटलं असेल का कधी,
वकिलांखेरीज?

बाई बोट शेवटच्या रकान्यावर नेत होत्या.
खबर देणाराचे नाव.
मी म्हटलं, आजी असेल.
बोट थांबलं. "आत्माराम गुणाजी कुबल."
मयताशी नाते: शेजारी.

कुबल.
ज्यांच्या अंगणावरून आम्ही जात नाही,
ज्यांच्या लग्नाचे ताशे ऐकू आले की आई खिडकी लावायची.
ज्यांच्या नातवाविरुद्ध सात माडांचा दावा चाललाय
आणि त्या दाव्यात लावायला
मला हा कागद हवाय.

तेव्हा आमच्याकडे धावणारं कुणी नव्हतं.
सहा वर्षांचा बाबा, पोटुशी आजी.
आणि तो माणूस ओहोटी बघून
खाडी उतरला असेल, लंगोटी डोक्याला गुंडाळून,
पाटलाच्या पडवीत ओलाच उभा राहिला असेल.
कुणाचा कोण, पाटलाने विचारलं असेल.
तर त्याने एवढंच सांगितलं.
खाली अंगठा. डावा.
कडेला शाई पसरलेली, घाईत उचलल्यासारखी.

वकिलांना फोन केला.
"तारीख मिळाली ना? बास.
खबर कुणी दिली त्याच्याशी कोर्टाला घेणं नाही."

मी दोन नकला मागितल्या.
पहिल्या अर्जावर कारण लिहिलं, कोर्टकामी.
दुसऱ्यावर पेन टेकवून बसले.
"मोकळा सोडूक गावाचा नाय हां," बाई म्हणाल्या.
"वारस नोंद घाला. सगळे तोच घालतत."
मी लिहिलं, खाजगी.
त्यांनी वाचलं, काही न बोलता शिक्का मारला,
जरा वाकडा पडला म्हणून
फुंकर घालून वाळवला.

साडेपाचची एसटी आमच्या वाडीवरून जाते.
दाव्यात सात माड आहेत.
मी खिडकीतून मोजले, पाच उभे.
बाकीचे दोन कधी पडले,
कुणीच कुठे लिहिलेलं नाही.
कुबलांच्या पडवीत कुणीतरी जाळं विणत होतं,
गाडीच्या आवाजाने त्याने मान वर केली.