धावपट्टीवरचा काटा

आमच्या हापाईचं विमान इवलंसं,
पोत्यांसोबत माणसंही काट्यावर चढतात.

एकोणिसाव्या वर्षी मी चौसष्ट.
"दगड घे पदरात, उडशील,"
सेमिसी म्हणाला होता.
तीन बाळंतपणांनी शंभरी ओलांडली,
आई खूश : लेक सुखात आहे, दिसतंय.
ऑकलंडच्या डॉक्टरनं
त्या सुखाचं नाव बदललं.
मग चालले. उतरले.
लाटू गेला,
रात्री ओट्यापाशी उभ्यानंच पाव खात
पुन्हा चढले.

आज एकोणसाठ.
सेमिसीच्या भिंगाचा चष्मा
काट्यावर बराच वेळ.
आकडा मोठ्यानं वाचला नाही त्यानं.
बेटावर सगळ्यांना सगळं कळतं.
वहीत लिहिता लिहिता पुटपुटला,
"अळकुड्या घे अजून थोड्या,
जागा आहे."

घेतल्या.