रकाना अकरा

रात्री दोन वीसला आणलं त्याला,
पिकअपमधून, वांग्यांच्या कॅरेटवर.
दौलत उईके, वय एकतीस, डावी मांडी.
दुचाकीला रानडुक्कर आडवं गेलं.

रक्त थांबवणं माझं काम नाही.
ते आत चाललेलं असतं.
मी बाहेरच्या बाकावर अर्ज भरते:
अपघात किती वाजता? चोवीस तासांच्या घड्याळात.

त्याची बहीण, कौतिका, म्हणाली,
'घड्याळ कोन पाह्यते बाप्पा.
थ्री फेज आली अन् तो मोटर लावाले निंगाला.'
या आठवड्यात झरीकडे थ्री फेज बाराला येते.
मी लिहिलं: शून्य शून्य दहा.

मग संमतीपत्र.
सलाईन दोन प्रकारची आहेत,
बरी कोणती, ते अजून कोणालाच ठाऊक नाही,
म्हणून लिफाफ्यात निघेल ती.
प्रशिक्षणात शिकवलं तसं, डोळ्यांत बघून सांगितलं.

'म्हंजे डाक्टरलेबी माहीत नाई?'
नाही.
'अन् तुमी हे सांगून राह्यल्या?'
हो.

ती आतल्या दाराकडे बघत होती.
'ईश्वरचिठ्ठीच हाय मंग.'
शाईचा पॅड तिनं बाजूला सारला, पेन मागितलं
आणि काना-मात्रेसकट सही केली.
पेन चिकट झालं. मी ते पुसलं नाही.

रकाना अकरा: दवाखान्याआधी उपचार, होय की नाही.
रात्री अडीचला आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं;
मी 'नाही'वर खूण केलीच होती.
'उपचार कायचा? दुपट्टा बांधला मी,
मोटरचा पान्हा घालून पिळला.
फाट्यापर्यंत सोडला नाई. हात सुजला पाहा.'

खोडून, बाजूला माझी सही करून, 'होय' केलं.
दुपट्टा, पान्हा: समासात, बारीक अक्षरात.
पुढच्या छपाईत तिथं एक नवी ओळ आली आहे,
काय बांधलं, कोणी बांधलं.
तिला हे सांगायचं राहूनच गेलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी फोन. जिवंत की मृत?
'हाय ना. खाटेवर बसून साऱ्याइवर खेकसते.'
एवढं लिहायला चौकट नाही. जिवंत.

'मंग कोनती सलाईन बरी निंगाली?'
अजून कळलं नाही, म्हटलं,
तीनशे पेशंट व्हायचे आहेत.
पलीकडे कोंबडी ओरडत होती, कोणीतरी तिला हाकललं.

'तीनशे? त्याच्यासारखे?'
हो.
'मंग उशिरानंच सांगजा, बाई.'