छाट

शाळेच्या बसमध्ये पोरं चढवायची, उतरवायची,
झोपलेल्याला खांद्यावर टाकून दारापर्यंत न्यायचं.
महिना साडेसात हजार.
पण आधी चारित्र्याचा दाखला आणा, ऑफिसातल्या बाई म्हणाल्या.
मी विचारलं, कुठं मिळतो?
त्या म्हणाल्या, ऑनलाइन.

अशोक चौकातल्या दुकानात पंखा गरम वारा ढकलत होता.
नाव?
राजमणी अंबादास कोंड्याल.
वय?
सत्तेचाळीस.
आधीचं काम?
मी हात पुढे केले.
पोरानं टाइप केलं : विडी कामगार.

यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल दिवा.
तर्जनी, डावा हात, थोडं खोबरेल,
तरी लाल.
एकतीस वर्षं, रोजच्या हजार,
पानाच्या कडेनं रेघा खाल्ल्या असतील.
पोरगं म्हणालं, मावशी, तुम्ही मशीनला दिसतच नाही.

आणि खालच्याच ओळीत मी दिसत होते :
आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?
समोर दोन गोल. होय. नाही.

पोरगं कुजबुजलं, नाही करू?
जुनं असेल तर कोण बघतंय.

ब्रँचमध्ये चेकर कट्टा उलगडतो,
एक दाबतो, एक हुंगतो,
सैल निघाली की बाजूला फेकतो. छाट.
त्याची बोटं माझ्या कट्ट्यात शिरलेली मला खपत नाहीत,
म्हणून घरी निघायच्या आधीच
माझी छाट मी काढून ठेवते.
होय कर, म्हणाले.

घरकुलात तेव्हा पाचव्या दिवशी पाणी यायचं,
तेही पहाटे तीनला.
गौरव्वा हत्तुरेनं घागर पुढे सरकवली.
मी तेलुगूत बोलले, ती कानडीत,
शिव्या दोघींनी मराठीत दिल्या,
नीट कळाव्यात म्हणून.
मग माझ्या हातातली कळशी, लग्नातली, पितळेची,
तिच्या कपाळावर.
सिव्हिलमध्ये चार टाके.
पंचनाम्यात कळशीचं वजन लिहिलंय, माझं नाव त्याच्या खाली.

तिसऱ्या तारखेला आम्ही दोघी
एकाच रिक्षातून कोर्टात गेलो,
भाडं निम्मं पडतं.
जाताना गप्प. येताना तिनं चिंच दिली.
तडजोड झाली, सह्या झाल्या.
कॉम्प्युटरमध्ये फक्त कळशीपर्यंतच आहे.

नवव्या दिवशी हवालदार क्षीरसागर आले,
बूट बाहेर काढून, कागद मांडीवर घेऊन.
शेजारच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे जबाब लागतील.
रेशनवाले सिद्रामप्पा लगेच आले,
चार ओळी सांगून दुकानाकडे पळाले.
दुसरं कोण?
दुपारची वेळ, अर्धी गल्ली कारखान्यात, अर्धी सुपापुढे.

गौरव्वा आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच.
तिच्या कडक भाकरी पुण्यापर्यंत जातात,
आता प्रतिष्ठित तीच.
या बाईंना ओळखता?
तिनं मनगटानं केस मागं सारले,
कपाळ हवालदारापुढं धरलं.
एवढं ओळखते.

मी सुपाकडं बघत होते.
सुपात पानं होती, कात्री होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

हवालदार पेन थांबवून म्हणाले, मग काय लिहू?
गौरव्वा म्हणाली,
हात जड आहे हिचा.
पकडलेलं पोर सुटायचं नाही. लिहा.
आणि पाणी आलं की पहिली घागर माझी,
तेही लिहून घ्या.

तेवढं त्यांनी लिहिलं नाही.

सहीच्या जागी पिठाचं एक बोट उमटलं,
रेघन् रेघ स्वच्छ.
मला हेवा वाटला.

ते बूट घालत होते तेव्हा मी विचारलं,
साहेब, माझी कळशी?
कसली?
मुद्देमालात आहे. पंधरा वर्षं झाली.
ते म्हणाले, अर्ज करावा लागेल.
मी म्हणाले, ऑनलाइन?
गौरव्वा इतकी हसली
की कपाळावरचा व्रण वाकडा झाला.