काठ, कुठल्या महिन्याचा?

बुर्लाबाईंनी साखर पेठेतल्या माझ्या टेबलावर
वहीचं पान ठेवलं: बारा फूट बाय दहा,
एक खिडकी पूर्वेला, एक पक्ष्यांकडे.
"निवृत्तीचे पैसे आहेत, सगळे नाही खर्चायचे.
आणि सिमेंट शक्यतो नको."
तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेला आवाज
अजून मागच्या बाकापर्यंत पोचतो.

समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या एसटीवर.
आम्हाला काठ म्हणजे उजनी.
करमाळ्याच्या अंगाला, ऊस आणि केळी संपतात तिथं
धरणानं मागे सारलेलं पाणी,
जे पेपरात टक्क्यांनी मोजतात
आणि उन्हाळ्यात ज्याच्या आकड्याआधी
उण्याची आडवी रेघ येते.

मी काठाची रेघ काढली. निळी, एकच, ठसठशीत.
अंकुश नगरे होडी ओढून वर आला,
नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
"ताई, ह्यो काठ कुठल्या म्हयन्याचा?"

मी गप्प.

"भादव्यात पाणी हितं, ह्या बाभळीच्या बुडाला.
संक्रांतीला त्या धोंड्यापाशी.
आन् वैशाखाचा बघायचा तर चला माझ्यासंगं."

चाललो. चारशे पावलांनंतर मी मोजणं सोडलं.
तडकलेली काळी माती, शिंपले,
तुटक्या जाळ्याचा नायलॉन,
आणि एका जागी तीन दगड, काळे पडलेले.
"आमची चूल. म्हंजे आज्याची.
मी न्हाई जेवलो हितं कधी."
त्यानं पायानं गाळ बाजूला सारला,
पाहुणा यायच्या आधी सतरंजी झटकावी तसा.

ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते.
तिच्यावर पाया घालणं म्हणजे
झोपेत कूस बदलणाऱ्याच्या पोटावर तांब्या ठेवणं.
म्हणून पाया नाही. सहा तळखडे नुसते,
त्यांवर अशोक चौकातल्या मोडलेल्या हातमागांचं लाकूड,
अजून खळीचा वास धरून असलेलं.
भिंती दाबलेल्या कडब्याच्या, वरून शेणामातीचा गिलावा,
छताखाली टॉवेल कारखान्यातलं वाया गेलेलं सूत.
चव्वेचाळीस अंशांना कापूसच जरा थोपवून धरतो.
खिळा एकही नाही, खुंट्या.
ट्रॅक्टरच्या दोन खेपांत सगळं उचललं जावं
आणि मागे फक्त तळखडे राहावेत;
कुणी उद्या त्यांवर कपडे धुवावेत.

बाईंनी सगळं वाचलं. लाल पेननं एक खिडकी खोडली,
पक्ष्यांकडची.
"तेव्हा मी बाहेरच बसेन.
त्यांनीही बघू दे मला."

अंकुशचा प्रश्न एकच होता:
"आन् संडासाचं पाणी?"

मी बाण काढलेला होता. उताराकडे. सवयीनं.

पाचव्या दिवशी, रात्री दोनला, आमच्या बोळात नळ आला.
बोळ जागा झाला: पिंपं, बादल्या,
कुणाच्या तरी मोटारीच्या नावानं
वरच्या चिलुकम्मांच्या तेलुगू शिव्या.
मी घागर लावून भिंतीला टेकलेली, अर्धी झोपेत,
आणि एकदम लक्षात आलं, हे येतं कुठून.
शंभराच्या वर किलोमीटर लोखंडातून चालत
तोच काठ माझ्या मोरीत उतरत होता,
त्या तीन दगडांवरून आलेला.
घागर भरून वाहायला लागली तरी
मी हात लावला नाही.
मग चिलुकम्मा माझ्याही नावानं ओरडल्या.

बाण खोडला. कोरडा संडास, शेजारी राखेचा डबा,
डब्याला झाकण; बाईंना विचारून घेतलं.
निळी रेघही खोडली.
तिच्या जागी बारा तुटक रेघा,
प्रत्येकीवर अंकुशनं सांगितलेला महिना,
चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, काही इतक्या जवळ
की अक्षरं एकमेकांत गेली.

अधिक महिन्याचं काय करायचं
ते विचारायचं राहिलंय.