मंगळवारचं बाक

आडेनाउच्या वर, ट्रॅकच्या कुंपणाला लागून
आमचं बाक आहे.
व्हेंडेलिननं केलेलं, छपराच्या उरलेल्या फळ्यांचं.
एक पाय आखूड, खाली स्लेटची चीप.
मंगळवारी मला बस चालवायची नसते
आणि मंगळवारीच गाड्यांचे कारखाने ट्रॅक भाड्यानं घेतात.
हा योगायोग नव्हे.
मी पाळी बदलून घेतली, एकोणीस वर्षांपूर्वी.

आधी आवाज येतो,
ओल्या झाडीतून, डावीकडून.
मग ती स्वतः.
अंगभर काळ्यापांढऱ्या नागमोडी रेघा,
दिव्यांवर चिकटपट्ट्या, पाठीवर खोट्या प्लास्टिकचं कुबड,
नाव नाही, गाव नाही.
अडीच सेकंद.
त्या अडीच सेकंदांवर आमचा आठवडा निघतो.

“पंख चार बोटं वर गेलाय,” व्हेंडेलिन म्हणतो.
(त्याची बोटं छपरं शाकारणाऱ्याची. माझ्या हिशेबानं सहा.)
“म्हणजे हलकी आवृत्ती. मागची सीट काढलेली.
दाराला मूठ नसणार, नुसता कापडी पट्टा.”
“मागच्या काचेवर पिवळा ठिपका नाही,” मी म्हणते,
“म्हणजे बॅटरी नाही. निव्वळ पेट्रोल.”
“किंवा ठिपका लावायचा राहिला.”
“ठिपका राहील? यांच्याकडून?”
यावर थर्मास उघडतो.

माझ्या वहीत सगळं आहे.
सातशे चाळीस घोडे, पुढं प्रश्नचिन्ह.
छप्पर कार्बनचं, खाली एक रेघ.
गिअर हातानं टाकायचे:
हे मी दर वसंतात लिहिते, दर शरदात खोडते.
माझी बहीण गेर्लिंडे म्हणते, बाजारात तुरी,
आणि तुम्ही दोघं इथं थंडीत भांडताय.
तिचं चूक नाही.
व्हेंडेलिनकडं शिडी बांधलेली डिझेल व्हॅन आहे.
माझ्याकडं बावन्न सीटची बस, तीही जिल्ह्याची.

पण आज ती थांबली.
वळणाच्या खाली, गवतात दोन चाकं.
आवाज मध्येच तुटला, जसं कुणी वाक्य सोडून उठावं.
चालक उतरला, हेल्मेट काढण्याआधीच
डिकीतून कापड काढून तिच्यावर टाकलं,
अपघातातल्या माणसावर टाकतात तसं.
मग वारा आला.

योरिस तेव्हा खाली होता.
व्हेंडेलिनच्या पुतणीचा मुलगा, वय अकरा,
कुंपणाच्या त्या फटीपाशी, जिथून आमची पोटं जात नाहीत.
आम्हाला वरून एवढंच दिसलं:
कापडाचा कोपरा उठला,
आणि पोराची पाठ ताठ झाली.

तो वर आला तेव्हा कान लाल होते.
“काय दिसलं?”
दोघांनी एकदमच विचारलं; आमची वयं एकत्र केली तर
एकशे एकतीस.
“नळकांडी किती? दोन का चार?”
“आत तिसरा पेडल होता?” हा प्रश्न माझा.
मी तो जरा जास्तच हळू विचारला.

योरिसनं बाकाकडं पाहिलं.
मग माझ्या वहीकडं, खोडलेल्या ओळींकडं.
“कापड उडालं,” तो म्हणाला. “मग बसलं.”
आणि हात खिशात घातले.

व्हेंडेलिन बराच वेळ काही बोलला नाही.
मग हसला, आतल्या आत, खांदे हलवत.
“झाकली मूठ,” म्हणाला, आणि त्याला
स्वतःच्या वाट्याचा केक दिला, सबंध.

ट्रक आला. तिला दोरानं ओढून आत घेतलं, दार लावलं.
“बंद पडली म्हणजे इंजिन नवंकोरं,” मी सुरुवात केली.
“किंवा तीन युरोची रबरी नळी फाटली.”
“तीन युरोच्या नळीसाठी कुणी कापड टाकतं?”
“तू टाकशील.”

उतरताना व्हॅनच्या काचा वाफेनं भरल्या.
मागं योरिस बोटानं काचेवर काहीतरी काढत होता.
आरशात मला एक रेघ दिसली, छपरापासून खाली येणारी,
मी आजवर वहीत काढली नाही अशी.
मी मान वळवली,
तेवढ्यात त्यानं बाहीनं काच पुसली.