गळतंय कुठून

मार्व्याच्या धक्क्यावर पान्यांची पेटी चढवताना
बोटवाला म्हणाला, तिकिटं दोन लागतील,
एक तुमचं, एक ह्या लोखंडाचं.
मी एकच दिलं.

पलीकडे मनोरीत इनास ग्रेशियसचा ट्रॅक्टर
चिंचेखाली उभा.
बॉनेटचा लाल रंग उडून विटेचा झालेला,
पोटाखाली डालड्याचा जुना डबा,
आणि डब्यात टप्.
बऱ्याच वेळानं पुन्हा
टप्.

फिलूबाय म्हणाली, रोज अर्धा पेला भरतो.
ते तेल ती बिजागऱ्यांना घालते, विहिरीच्या रहाटाला घालते,
होडीच्या बुडालाही लावून झालं.
आता घरात कुरकुरणारं काही उरलं नाही,
एक इनास सोडून.

आधी दोन मिस्त्री येऊन गेलेले.
दोघांचं म्हणणं एकच : मागचं मेन सील गेलं.
म्हणजे ट्रॅक्टर कमरेतून सोडवायचा,
इंजिन इकडे, गिअरबॉक्स तिकडे,
मधून माणूस जाईल एवढी फट.
खर्च ऐकून इनासनं
डबा तेवढा मोठा ठेवला.

माझे उस्ताद कुर्ल्याचे, बशीरमियाँ.
सांगायचे, तेल खोटं बोलतं.
जिथं पडतं तिथून निघालेलं नसतं.
पहिलं धू. मग बघ.

धुतलं. डिझेल, तारेचा ब्रश, फाटकी बनियन.
तेल, तूस, कोंबडीची पिसं, पुन्हा तेल,
थर इतके जुने
की एकातून काचेची गोटी निघाली.
ती ज्याची, तो पोरगा आता कतारला क्रेन चालवतो.
फिलूबायनं गोटी पुसली, गाऊनच्या खिशात टाकली,
आणि उगाच कोंबड्यांना हाकलायला गेली.

मग मी पावडर मागितली. तोंडाला लावायची.
कोणाच्या तोंडाला? इनासनं विचारलं.
इंजिनाच्या.
पफनं, हलक्या हातानं लावली,
टॅपेट कव्हरच्या कडेनं, फिल्टरच्या बुडाशी, खाली घंटेवर.
सोंगाड्यासारखं पांढरं झालं ते.
मग सेल मारला.

माडावरचे कावळे उडाले.
पाच मिनिटं. सात.
आम्ही तिघं उकिडवे,
काखेत थर्मामीटर लावलेल्या पोराकडे बघावं तसे.
नवव्या मिनिटाला
पार वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात
पावडरीला घाम फुटला.
घामाची रेघ झाली,
रेघ ब्लॉकच्या पाठीवरून वळसे घेत
बरोब्बर तिथं आली
जिथं दोघा मिस्त्र्यांनी बोट ठेवलं होतं.

पॅकिंग बदलायचं काम अर्ध्या तासाचं.
पण पॅकिंग गेल्या नाताळात टाकलेलं, चांगल्यातलं.
चांगलं पॅकिंग उगाच ओठ उघडत नाही.
आतून कोणीतरी ढकलतंय.

ब्रीदरची नळी काढली.
अंगठ्याएवढी, इंजिनानं उसासा टाकायची जागा.
उजेडाकडे धरली : उजेड नाही.
तार घातली. माती आली,
चाळून घेतल्यासारखी बारीक.
मातीत खोल्या, खोल्यांत वाळलेल्या कोळ्यांच्या तंगड्या.

कुंभारीण, फिलूबाय म्हणाली.
भात झोडून झालं की ट्रॅक्टर निजतो, तो पेरणीपर्यंत.
तेवढ्यात त्या माशीनं
संसार थाटून, पोरं वाढवून
दार लिंपून घेतलं होतं.
दम कोंडला तो इंजिनाचा.

शेवटची खोली अजून बंद होती.
फेक, इनास म्हणाला.
फिलूबायनं ती चिमटीत धरून
चिंचेच्या ढोलीत ठेवली,
आणि हात धुतले, दोनदा.

नळी फुंकली, पॅकिंग नवं बसवलं,
तासभर चालवला. पावडर कोरडी.
इनास पैशाचं विचारताना ट्रॅक्टरकडेच बघत होता.
मी आकडा सांगितला, तर म्हणाला, एवढ्यात?
मग पिशवीभर सुके बोंबील वर दिले,
त्या दोन मिस्त्र्यांचे वाचले म्हणून.

आठवड्यानं फोन, फिलूबायचा.
डबा कोरडा आहे, मिस्त्री.
जरा थांबली.
रहाट मात्र कुरकुरायला लागलाय.